चालती गाडी मध्येंच कां थांबते?

यंत्रांच्या व्याधींचे दोन प्रकार आहेत. एक उघड व दुसरा लपंडाव खेळणारा. गाडीचा धुरा तुटला तर ती जागची हालत नाहीं, आणि काय मोडलें आहे तें लहान मुलालाहि दिसतें. परंतु जी गाडी रस्त्यांत एकाएकीं गतप्राण होते, अर्ध्या तासानें कांहींच न झाल्याप्रमाणें सुरू होते, आणि मिस्त्रीच्या दारांत नेली म्हणजे दिवसभर नीट चालते, तिची व्याधि ओळखणें फार कठीण. एकांतऱ्या तापाचा रोगी वैद्याकडे जावा आणि नेमका त्याच वेळीं ताप उतरलेला असावा, तशीच ही अवस्था होय. अशा व्याधीचें निदान कोणत्या रीतीनें करावें, याविषयीं चार शब्द लिहावे असा आमचा विचार आहे.

विषय आमच्या वाचकांना परका वाटूं नये. अकलूज व त्याच्या भोंवतालचीं गांवें आज बहुतांशीं पिकअप गाडीवर चालतात. डाळिंबाचे क्रेट, केळीचे घड, दुधाचे कॅन, खताचीं पोतीं, इतकेंच नव्हे तर रात्रीं अपरात्रीं दवाखान्यांत न्यावयाचा रोगी, या सर्वांना तीच वाहन. पुष्कळ घरीं ती कर्ज काढून घेतलेली असते, व तिचा हप्ता तिच्याच भाड्यांतून फिटावयाचा असतो. पहांटेच्या बाजाराला निघालेली गाडी टेंभुर्णीच्या वाटेवर दोन तास अडली, तर माल लिलावाच्या वेळीं पोंचत नाहीं, आणि तीन वेळां असें झालें कीं भाडें देणारा दुसरी गाडी पाहतो. शिवाय दोष सांपडत नसला म्हणजे मनुष्याचा स्वभावच असा कीं तो कोणाच्या तरी माथीं मारावयाचा; आणि सर्वांत जवळचा माथा म्हणजे ड्रायव्हरचा.

ही व्याधि मोटारगाडी इतकीच जुनी आहे. कार्ल बेंझ यांनीं जर्मनींत तयार केलेली तीनचाकी गाडी त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनीं १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत पतीला न विचारतां बाहेर काढली, आणि आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे सुमारें शंभर किलोमीटर दूर, माहेरीं नेली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनीं आपल्या टोपीच्या लांब टांचणीनें मोकळी केली. आणि ठिणगी पुरविणाऱ्या तारेचें आवरण झिजलें, तेव्हां मोज्याचा बंद काढून तिला गुंडाळला, असें सांगतात. एक दोष इंधनाचा, एक विजेचा. आज सवाशें वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी वाटेंत थांबलेल्या बहुतेक गाड्यांचे रोग याच दोन घराण्यांतले असतात.

आमच्या जिल्ह्यालाहि मोटारीचें वावडें कधीं नव्हतें. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. त्यांच्या नांवाचें वालचंदनगर इंदापूर तालुक्यांत, आमच्याच नीरेच्या खोऱ्यांत आहे. असो.

आतां कोणी म्हणेल, डिझेलच्या गाडीला विजेचें काय काम? पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी लागते. डिझेलच्या इंजिनांत हवा इतकी दाबली जाते कीं ती तापून इंधन आपोआप पेटतें. हें म्हणणें पूर्वी बरेंचसें खरें होतें. जुन्या गाडींत एकदां इंजिन सुरू झालें कीं बॅटरी काढून नेली तरी तें चालत राही. तरी त्यांतहि, पंप रोटरी जातीचा असल्यास, डिझेल अडविणारी एक विजेची खुंटी पंपावर असे, आणि तिची वायर ढिली झाली कीं इंजिन तत्काळ बंद पडे. परंतु १९९७ सालीं युरोपांत कॉमन रेल नांवाची पद्धति मोटारींत प्रथम आली, व पुढें ती आपल्याकडेहि रूढ झाली. भारत स्टेज चारचे नियम १ एप्रिल २०१७ पासून व भारत स्टेज सहाचे १ एप्रिल २०२० पासून साऱ्या देशांत लागू झाल्यावर तर साध्या मालवाहू गाडींतहि एक लहानसा संगणक बसला. कोणत्या क्षणीं किती थेंब डिझेल सोडावयाचें हें आतां तोच ठरवितो. त्याचा वीजपुरवठा डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच तुटला, तरी इंजिन थांबतें.

निदानाची सुरुवात पान्हा हातीं घेऊन करावयाची नसते. ती प्रश्नांनीं करावयाची असते. गाडी कशी थांबली? दिवा मालवावा तशी एकदम, कीं धापा टाकीत, गचके देत, हळूहळू? एकदम थांबली तर संशय प्रथम विजेवर घ्यावा. धापा टाकून थांबली तर इंधनावर किंवा हवेवर. दुसरा प्रश्न: थांबली त्या क्षणीं समोरच्या फळीवरचे दिवे, रेडिओ, हॉर्न चालू होते कीं तेहि गेले? सर्वच गेलें असेल तर दोष मुळाशीं आहे, म्हणजे बॅटरीचें टोक, मुख्य फ्यूज, चावीचा स्विच किंवा अर्थिंग यांपैकीं कोठें तरी. चावीला दहा किल्ल्यांचा जुडगा लोंबत असला तर स्विच आंतून झिजतो, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. दिवे राहिले व केवळ इंजिन गेलें, तर दोष पुढच्या एखाद्या शाखेंत समजावा. मग विचारावें: गाडी तापल्यावर कीं थंड असतां? खड्ड्यांत आदळल्यावर? पावसांत? टांकी अर्ध्याखालीं गेल्यावर? रात्रीं कीं दिवसा? आणि पुन्हां लागलीच सुरू झाली, कीं वीस मिनिटें थांबावें लागलें? या प्रश्नांचीं उत्तरें मालकापाशीं नसतात, तीं ड्रायव्हरपाशीं असतात. म्हणून त्याला दम देण्याआधीं त्याच्याजवळ बसून सर्व हकीकत ऐकावी. गाडींत एक वही ठेवून प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, किलोमीटर व वजन लिहून ठेवलें, तर चारपांच नोंदींतच रोगाचा चेहरा दिसूं लागतो. हें काम आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणीहि करूं शकेल.

वीस मिनिटांच्या प्रश्नाचें महत्त्व एका उदाहरणानें सांगतों. इंजिनाच्या मुख्य दंडावर दांते असलेलें एक चाक असतें, आणि त्याच्या शेजारीं क्रँक सेन्सर नांवाचा अंगठ्याएवढा एक भाग असतो. पुष्कळ गाड्यांत या चाकावर साठ दांत्यांची जागा असून दोन दांते मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे ती पोकळी समोरून गेली कीं दंड कोणत्या स्थितींत आहे हें संगणकाला कळतें. या सेन्सरच्या एका जातींत लोहचुंबकाभोंवतीं केंसासारख्या बारीक तारेचें वेटोळें असतें. त्या तारेला एखादी चीर पडली असली, तर थंड असतां तिचीं टोकें एकमेकांस टेकून असतात व काम चालतें. उन्हाळ्यांत, चाळीस अंशांच्या वर गेलेल्या दुपारीं, इंजिन तापलें कीं धातु प्रसरण पावून तीं टोकें विलग होतात. संगणकाला दंडाची वार्ता मिळेनाशी होते, तो डिझेल बंद करतो, गाडी थांबते. वीस मिनिटांनीं सेन्सर निवतो, टोकें जुळतात, गाडी सुरू! मिस्त्रीकडे पोंचेपर्यंत ती निवलेलीच असते, मग दोष दिसावा कसा? म्हणून असा सेन्सर थंड व तप्त अशा दोन्ही स्थितींत मोजावा लागतो. थंड असतां मीटर योग्य रोध दाखवितो, तापल्यावर तारच तुटल्याचें दाखवितो. (तीन वायरींचा हॉल जातीचा सेन्सर मात्र या रीतीनें मोजतां येत नाहीं.) आणखी एक खूण: गाडी घरंगळत असतां, इंजिन अद्याप फिरत असूनहि, फेरे दाखविणारा कांटा एकदम शून्यावर पडला, तर या सेन्सरवर दाट संशय घ्यावा.

परंतु येथें घाई करूं नये, कारण हुबेहूब हेंच सोंग इंधनाचा एक अगदीं क्षुल्लक दोषहि आणतो. टांकीच्या झांकणाला हवा आंत येण्याचें एक सूक्ष्म छिद्र असतें. आमच्याकडील काळ्या मातीच्या धुळीनें तें बुजलें, म्हणजे डिझेल उपसलें जातें पण त्याच्या जागीं हवा येत नाहीं. टांकींत पोकळी निर्माण होऊन डिझेल येणें थांबतें. उभ्या गाडींत हवा हळूहळू झिरपते, आणि वीस मिनिटांनीं गाडी पुन्हां चालू होते. याची परीक्षा फुकटची आहे: गाडी थांबली कीं झांकण उघडावें. हवा आंत शिरल्याचा फुसकारा ऐकूं आला व गाडी लागलीच सुरू झाली, तर सेन्सर विकत घेण्याचें कारण नाहीं. डिझेलच्या गाळणींत सांठलेलें पाणी व नळीच्या ढिल्या जोडांतून ओढली जाणारी हवा यांनींहि गाडी थांबते. परंतु त्या वेळीं ती बहुधा आधीं कुरकुरते, म्हणून त्यांचा विस्तार करीत नाहीं.

आतां विजेच्या मुख्य तत्त्वाकडे वळूं. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनीं १८२७ सालीं जो नियम प्रसिद्ध केला, तो वर्गांत सर्वांनीं पाठ केलेला असतो: दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. पाठ असूनहि तो गाडीपाशीं आठवत नाहीं. नीरा उजव्या कालव्याचें पाणी ज्यांनीं शेतांत घेतलें आहे त्यांना तो निराळ्या भाषेंत ठाऊक आहे. पाटांत गवत व गाळ सांठला असला, तरी एक बारीक धार सोडली तर ती शेवटच्या शेतापर्यंत सुरळीत पोंचते. पण पाट भरून पाणी सोडलें कीं अडथळा जाणवतो, आणि शेवटचा शेतकरी कोरडा राहतो. वायरींच्या जोडांतील गंजाचें तसेंच आहे. समजा, सेल्फच्या जाड वायरीच्या एका जोडांत एक शतांश ओहम इतका रोध आहे. केबिनच्या लहान दिव्याला अर्धा अँपिअर प्रवाह लागतो. त्याच्या मार्गांत हा जोड असला तर फक्त पांच सहस्रांश व्होल्ट वायां जातील, म्हणजे कांहींच नाहीं. परंतु सेल्फ फिरतांना दोनशें अँपिअर ओढूं लागला कीं त्याच जोडांत पूर्ण दोन व्होल्ट गडप होतात, आणि चारशें वॅट इतकी उष्णता तेथें उत्पन्न होते. सेल्फ मारल्यावर जो जोड हाताला गरम लागतो तो रोगी, ही जुन्या मिस्त्र्यांची परीक्षा याच गणितावर उभी आहे. यावरून हेंहि कळेल कीं टेस्ट लॅम्प लावला, तो पेटला, म्हणजे वायर निर्दोष ठरली, असें मानणें चुकीचें आहे. लॅम्प पेटला याचा अर्थ बारीक धार पोंचली, इतकाच. खरी परीक्षा भार चालू ठेवून करावी: मीटरचीं दोन टोकें जोडाच्या दोन अंगांना लावावीं, आणि तेथें किती व्होल्ट खर्ची पडतात तें पाहावें. सेल्फच्या मोठ्या वायरींत अर्ध्या व्होल्टाहून अधिक, किंवा अर्थिंगच्या मार्गांत दोन दशांशाहून अधिक घट दिसली, तर जोड उघडून साफ करावा.

अर्थिंगकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आमच्या मतें निम्मे गूढ दोष तेथेंच लपलेले असतात. वीज बॅटरींतून निघते, दिव्यांतून जाते, आणि तिला परत यावें लागतें. परतीसाठीं निराळी वायर न घालतां गाडीचें लोखंडी अंगच वापरलेलें असतें. परंतु इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलें असतें, आणि रबरांतून वीज जात नाहीं. म्हणून इंजिन, सांगाडा व केबिन यांना जोडणाऱ्या जाड वायरी किंवा वेणीसारख्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या असतात. त्यांतली एक कुजली कीं वीज भलत्याच वाटेनें घरीं येऊं पाहते. ब्रेक दाबला असतां इंडिकेटर मिणमिणूं लागला, किंवा हेडलाइट लावतांच हॉर्नचा आवाज बसला, तर नव्वद टक्के अर्थिंगचाच दोष समजावा.

आमच्या माहितींतील एका पिकअपची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. ती फक्त रात्रीं बंद पडे, आणि तीहि बहुधा गतिरोधकावरून जातांना. दिवसा तिची कांहीं तक्रार नसे. मालकानें आधीं बॅटरी बदलली, मग अल्टरनेटर बदलला. महिन्याची कमाई त्यांत गेली आणि दोष तसाच राहिला. शेवटीं त्याची अशी समजूत झाली कीं ड्रायव्हर वाटेंत झोप काढतो आणि गाडीवर आळ घेतो. ड्रायव्हर बिचारा प्रथमपासून सांगत होता कीं बंद पडण्यापूर्वीं दिवे क्षणभर मंद होतात. परंतु तें वाक्य कोणी मनावर घेतलें नाहीं. पुढें एका वयोवृद्ध वायरमननें तें ऐकलें आणि भर दुपारीं, उभ्या गाडींत इंजिन चालू ठेवून, हेडलाइट, कांचपुसणी व पंखा हें सर्व एकदम लावावयास सांगितलें. मग मीटरचें एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरें केबिनच्या पत्र्याला लावलें. जेथें जवळजवळ शून्य असावें तेथें दीड व्होल्टाहून अधिक दिसलें, आणि केबिनकडे जाणारी वेणी हातानें हालवितांच तो आंकडा चारपर्यंत उसळून इंजिन बंद पडलें. वेणीच्या आंतील बहुतेक तारा हिरव्या पडून तुटल्या होत्या, चारदोनच उरल्या होत्या. दिवसा चारपांच अँपिअरचा भार त्या कशाबशा वाहत. रात्रीं पंचवीस अँपिअर आले आणि वर गतिरोधकाचा धक्का बसला कीं त्या धीर सोडीत, व संगणकाचा पुरवठा तुटे. गॅरेजमध्यें गाडी दिवसा जाई, दिवे बंद असत, म्हणून सर्वांना ती निरोगी दिसे. नवी वेणी एका जेवणाच्या खर्चांत आली. ड्रायव्हर त्याच गाडीवर राहिला, हें आम्हांस त्या दुरुस्तीहून मोठें वाटतें.

बॅटरीविषयीं चार आंकडे ध्यानांत असावे. तिच्यांत सहा घर असतात, प्रत्येकाचा दाब सुमारें दोन पूर्णांक एक दशांश व्होल्ट. म्हणून पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असतां हा आंकडा सामान्यतः पावणेचौदा ते साडेचौदा यांच्या दरम्यान असावा, आणि सेल्फ फिरत असतां साडेनऊच्या खालीं जाऊं नये. आषाढी वारीच्या दिवसांत सराटीहून नीरा ओलांडून पालखी अकलुजास येते, तेव्हां दिंड्यांचें सामान वाहणाऱ्या गाड्या तासन् तास पायींच्या गतीनें चालतात, वर ध्वनिक्षेपक व दिवे चालूच. मंद फिरणारा अल्टरनेटर पुरेशी वीज देत नाहीं, आणि संध्याकाळीं मुक्कामावर सेल्फ लागत नाहीं. येथें दोष कोणाचाच नसतो. जमेपेक्षां खर्च जास्त झाला, इतकेंच. टोकांवर जमणारी पांढरी भुकटी गरम पाण्यांत खाण्याचा सोडा विरघळवून धुवावी, टोक घट्ट आवळावें, व वर थोडें व्हॅसलीन लावावें. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, यास्तव हें काम करतांना जवळ विडी किंवा काडी पेटवूं नये.

ऊंसाच्या भागांत एक शत्रु विशेष आहे, तो म्हणजे उंदीर. ऊंस तुटला, फड मोकळा झाला कीं तो आसरा शोधीत इंजिनाच्या ऊबेला येतो व वायरींचें आवरण कुरतडतो. अर्धवट खाल्लेली वायर कोरड्या दिवशीं चालते, पावसांत दगा देते. याहून मोठा उपद्रव मात्र मनुष्यकृत आहे: वाढीव दिवे, गाणीं लावण्याची पेटी, रंगीत रोषणाई, आणि त्यांच्यासाठीं मूळ वायरी सोलून, पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळून केलेले जोड. उन्हानें चिकटपट्टी सुटते, जोड ढिला होतो. इंजिन चालू ठेवून एकेक वायरींचा जुडगा हलकेच हालवीत जावें. जेथें इंजिन अडखळेल तेथें थांबावें. आणि फ्यूज वारंवार जात असेल तर त्याच्या जागीं मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद कधींहि घालूं नये. फ्यूज वितळतो तो वायर पेटूं नये म्हणून. त्याचें तोंड बंद केलें तर पुढची वार्ता धूरच देतो.

नव्या गाड्यांत संगणक आपल्या तक्रारी सांकेतिक आंकड्यांत लिहून ठेवतो, व त्या यंत्र लावून वाचतां येतात. ही सोय मोठी आहे, पण तिचा अर्थ नीट घ्यावा. ‘पी ०३३५’ असा आंकडा आला तर तो क्रँक सेन्सरच्या मंडलांत बिघाड आहे असें सांगतो. सेन्सरच वाईट आहे असें सांगत नाहीं. वायर, तिचा जोड, अर्थिंग हीं सर्व त्याच मंडलांत येतात. आंकडा वाचून लागलीच सुटा भाग विकत घेणारा मनुष्य, पत्त्यावरचें गांव वाचून पहिल्याच घरांत पत्र टाकणाऱ्या टपालवाल्यासारखा आहे.

गाडी धांवत असतां इंजिन गेलें तर काय करावें, हें पालकांनीं घरच्या चालविणाऱ्यांना अवश्य सांगावें. ब्रेकला मदत करणारी पोकळी इंजिनामुळेंच निर्माण होते. इंजिन थांबल्यावर ती एकदोन दाबांपुरतीच उरते. म्हणून ब्रेक पुन्हां पुन्हां न मारतां एकच, सावकाश व घट्ट दाबावा. सुकाणू जड होतें पण वळतें. चावी मात्र काढूं नये, काढली तर सुकाणूला कुलूप लागतें. गाडी रस्त्याच्या कडेला उतरवावी, आणि लाल त्रिकोण चांगला पन्नास पावलें मागें ठेवावा. गळिताच्या हंगामांत ऊंसाच्या ट्रॉल्या रात्रभर याच रस्त्यांनीं चालतात. अंधारांत उभी असलेली बिनदिव्याची गाडी त्यांच्या चालकाला जवळ येईपर्यंत दिसत नाहीं.

एक जुनी पद्धत अद्याप कांहीं ठिकाणीं दिसते, तिच्याविषयीं लिहून थांबतों. पूर्वी डायनॅमो वीज देतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं इंजिन चालू असतांनाच बॅटरीचें टोक काढीत. इंजिन चालत राहिलें तर डायनॅमो चांगला. आजच्या गाडीवर हा प्रयोग करूं नये. बॅटरी ही अल्टरनेटरच्या उसळ्या पोटांत घेणारी असते. ती एकाएकीं दूर केली कीं दाब क्षणभर कित्येक पटींनीं वाढतो, आणि जो संगणक आपण वांचवूं पाहत होतों तोच त्या एका क्षणांत जळून जाऊं शकतो. त्याऐवजीं मीटर लावावा, इंजिनाचे फेरे थोडे वाढवावे, आणि पावणेचौदा ते साडेचौदा हा आंकडा येतो कीं नाहीं तें पाहावें.